बफेलो निकेल: १९२६-एस आणि तीन पायांचं १९३७-डी खरं का, आणि ग्रेड कशी लावायची?

करवीर_नाणी

नमस्कार मंडळी. अमेरिकेहून आलेल्या डब्यातली पाच सेंटची नाणी लावून ठेवतोय, एका बाजूला इंडियनचा चेहरा आणि मागे बफेलो म्हणजे बायसन असलेली. सातव्या एडवर्डच्या एक आण्याची निकेलं ग्रेड करायची, म्हणजे झीज बघून दर्जा ठरवायची सवय आहे, पण बफेलोवर ते आडाखे चालत नाहीत. बहुतेक नाणी १९३४ ते १९३७ ची, साधीच. अडलंय ते एवढ्यांवर (सालापुढचं डी किंवा एस हे टांकसाळीचं अक्षर, डेन्व्हर किंवा सॅन फ्रान्सिस्को):

१९२६-एस. वजन ४.९३ ग्रॅम. तारीख स्वच्छ, चेहरा बरा, शिंग मात्र अर्ध्याच्या आसपास. एस वाचता येतो, त्याच्या एका कडेला काळी रेघ आहे. मळ असावा.

१९३७-डी, तीन पायांचं. वजन ४.९८. पुढचा उजवा पाय नाही, खूर आहे.

१९२१-एस. शिंग पाऊण. रंग मात्र संशय येण्याइतका पांढरा.

शिवाय तारीख पूर्ण झिजलेली १४ नाणी. त्यातल्या दोन नाण्यांवर जनावर उंचवट्यावर उभं आहे, बाकीच्यांवर सरळ रेघेवर.

ग्रेड काय धरायची, खरेपणा घरच्या घरी कितपत तपासता येतो, आणि झिजलेल्या तारखा ॲसिडने काढाव्यात का? चांगली नाणी अमेरिकेत ग्रेडिंगला पाठवायचा विचार आहे. फोटो मोबाइलचे आहेत, चालवून घ्या.

गुजरी_काटा

ग्रेड सगळ्यात शेवटी. आधी खरेपणा, मग पृष्ठभाग, मग झीज. हा क्रम चुकला की बनावट नाण्याला नीट ग्रेड लावून बसतो माणूस.

मोजमाप सोपं आहे. बफेलो निकेल ५.०० ग्रॅम, व्यास २१.२ मि.मी., कड साधी म्हणजे दाते नाहीत, धातू ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल. नावात निकेल असलं तरी चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर पुढे काही बघू नका. टांकसाळीची वजनाची सूट सुमारे ०.१९ ग्रॅम होती, वर झिजेची घट धरा, त्यामुळे तुमची ४.९३ आणि ४.९८ दोन्ही ठीक.

घनता काढायची तर सराफी काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा, काटा शून्यावर आणा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. काटा जे दाखवेल ते नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याचं वजन भागिले तो आकडा म्हणजे घनता. पाच ग्रॅमच्या नाण्याला ०.५६ च्या आसपास यायला हवं, म्हणजे घनता साधारण ८.९. इथे मिलिग्रॅमचा काटा लागतो. दोन दशांशांच्या काट्यावर ०.५५ चे ०.५७ झाले तरी उत्तर ९.१ वरून ८.८ वर जातं, आणि मग आपण त्यातून हवा तो अर्थ काढतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर जनावराच्या केसाळ भागात हवेचे बुडबुडे अडकतात.

पण हे सगळं कशाला उपयोगी? ओतीव नकली आणि भलत्या धातूचे तुकडे ओळखायला. १९२६-एस ची मुख्य लबाडी ती नव्हे. फिलाडेल्फियाचं खरं १९२६ घ्यायचं, ज्यावर मिंट मार्क म्हणजे टांकसाळीचं अक्षर नसतं आणि जे स्वस्त मिळतं, आणि त्यावर एस चढवायचा. नाणं खरंच, वजन खरंच, घनता खरीच, खोटं एकच अक्षर. १९२६-एस फक्त ९ लाख ७० हजार पाडली गेली. या मालिकेतलं दहा लाखांच्या खाली गेलेलं हे एकमेव नियमित नाणं, म्हणून सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. १९१३-एस चा दुसरा प्रकार (सपाट रेघेवरचा, १२ लाख ९ हजार) आणि १९२४-एस (१४ लाख ३७ हजार) यांनाही हाच रोग आहे.

ती ‘काळी रेघ’ आहे ना, सगळा प्रश्न तिथेच आहे. १० पटीच्या भिंगाने भागणार नाही. किमान २० पट हवं, आणि प्रकाश एका बाजूने, अगदी तिरपा.

शिरोली_टूलरूम

भावा, ती रेघ मळ हाय का सांधा हाय ते आधी बघ. काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घे, केमिकलच्या दुकानातलं. नखांचं रिमूव्हर नको, त्यात तेल आणि रंग असतोय. नाणं दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेव, मग दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमधनं काढ, डिस्टिल्ड वॉटरनं धू, आणि सुती कापडावर नुसतं टेकव. पुसायचं न्हाई. गॅस, देवाचा दिवा लांब. ॲसिटोन धातूला काय करत न्हाई, पण तेलकट मळ निघतोय. आणि एस जर सुपरग्लूनं चिकटवला असंल तर तोपण सैल पडतोय. डाग दिलेला, म्हणजे सोल्डर केलेला असंल तर मात्र ॲसिटोननं काय हालत न्हाई.

आता डायचं गणित सांगतो. डाय म्हंजे नाणं पाडायचा पोलादी ठसा. त्या काळात मिंट मार्क प्रत्येक डायवर हातानं पंच ठोकून बसवायचे. म्हणजे डायमधे खड्डा, आणि नाणं दाबताना धातू त्या खड्ड्यात खालनं वर चढणार. त्यामुळं खऱ्या एसच्या बुडाला जमीन (नाण्याचा सपाट भाग) आणि अक्षर एकजीव असतंय, कोपऱ्यात बारीक गोलाई असती आणि मूळ चमक राहिली असंल तर ती जमिनीवरनं अक्षरावर सलग चढती. वरनं आणून बसवलेल्या एसच्या बुडाला चर दिसतोय, न्हाईतर भोवतीची जमीन कोरून खाली गेलेली, नाहीतर डागाचा वेगळा रंग. भोवतीनं बारीक समांतर ओरखडे दिसले तर तिथं कुणीतरी साफसफाई केलीया असं समज.

आणखी एक डाव हाय. नाण्याच्या कडेला भोक पाडायचं, त्यातनं आत पक्कड घालून एस आतनं वर दाबायचा, आणि भोक भरून घासायचं. असल्या एसला सांधा नसतोयच. म्हणून कड पण बघ, मिंट मार्कच्या बरोबर बाहेरचा भाग. कड साधी असल्यामुळं भरलेला ठिपका रंगानं उठून दिसतोय.

टूलमेकरचा स्टिरिओ मायक्रोस्कोप असलेली चार-दोन दुकानं एमआयडीसीत सहज गावतील. ३० पटीवर दोन मिनिटांचं काम हाय.

१९३७-डी ला एकच नियम धर. डायवर केलेलं काम नाण्यावर उलटं उमटतंय. डायला ओरखडा पडला तर नाण्यावर रेघ उंच, डायला गंज चढून खड्डे पडले तर नाण्यावर ठिपके उंच. नाण्यावर मागनं कुणी करामत केली असंल तर खुणा खोल जात्यात. खऱ्या तीन पायांच्या नाण्यात काय झालंतं, तर मधे नाणं नसताना दोन डाय एकमेकांवर आपटल्या. त्या खुणा काढायला कामगारानं डाय जादा घासली. डाय घासली की तिच्यातले उथळ खड्डे आधी जात्यात, आणि तो पाय उथळ होता. पाय गेला, खूर राहिला. म्हणून पायाच्या जागेला जमीन आपोआप सपाट असाया हवी, कोरीव न्हाई.

राजारामपुरी_संग्रह

शिरोलीकरांनी बरोबर सांगितलंय. त्यात पुढच्या खुणा जोडतो, कारण नुसता पाय नसणं हा पुरावाच नाही. चार पायांच्या साध्या १९३७-डी चा पाय तासून काढणारे भरपूर आहेत.

पोटाखालून जमिनीकडे उतरणारी उंच ठिपक्यांची वाकडी रांग शोधा. ती डायच्या गंजाची. मागचा उजवा पाय कुरतडल्यासारखा, कसर लागल्यासारखा दिसायला हवा. मागचा पाय जाड, गुबगुबीत आणि ठिपक्यांची रांग नाही, असं असेल तर नाणं कितीही सुंदर असो, सोडून द्या. झिजलेल्या नाण्यात ठिपके पुसट होतात, तरी व्हेरी फाइनपर्यंत (ग्रेडचा मधला टप्पा) तिरप्या उजेडात काहीतरी सापडतंच. १९३६-डी मध्ये साडेतीन पायांचा एक भाऊबंद आहे, त्याची यात गल्लत नको.

तारीख नसलेल्या नाण्यांविषयी. उंचवट्यावरची दोन वेगळी ठेवा, त्यांना ॲसिड लावायची गरजच नाही. जेम्स अर्ल फ्रेझरच्या मूळ आराखड्यात जनावर मातीच्या उंचवट्यावर होतं आणि ‘फाइव्ह सेंट्स’ त्याच उंचवट्यावर कोरलेलं होतं. ती अक्षरं वापरात झटपट झिजतील हे लक्षात आल्यावर १९१३ सालीच बदल झाला. खाली सपाट रेघ आली आणि अक्षरं खोलगट भागात गेली. म्हणजे उंचवटा दिसला की साल १९१३ च, दुसरं असूच शकत नाही. मागे एस असेल तर ते १९१३-एस पहिला प्रकार, २१ लाख ५ हजारांपैकी एक. गंमत अशी की किमतीची अक्षरं वाचवली, पण तारीख तशीच इंडियनच्या खांद्यावर उंच राहिली, म्हणून आज तारीख नसलेली निकेलं इतकी सापडतात.

बाकीच्या १२ मध्ये मागे डी किंवा एस असलेली आधी बाजूला काढा. बिनमार्काची सोडून द्या. ॲसिड म्हणजे फेरिक क्लोराइड, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पीसीबी खरवडायला मिळतं तेच. पाणी घालून पातळ करा, तारखेच्या जागेवर एक थेंब, काही सेकंदांत आकडे वर येतात, लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा. तारीख छापली गेली तेव्हा तिथला धातू जास्त दाबला गेला होता, तो बाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने खाल्ला जातो, म्हणून पुसलेले आकडे दिसतात. हातमोजे घाला, आणि स्टीलच्या सिंकमध्ये हे करू नका, सिंकला डाग पडून खड्डे होतात.

यात जातं काय? नाण्यावर खरखरीत राखाडी वर्तुळ कायमचं राहतं आणि त्याला आकड्यांची ग्रेड मिळत नाही. म्हणून ज्याची तारीख अर्धी का होईना वाचता येते, त्याला थेंब लावणं म्हणजे शुद्ध नासाडी. अपवाद एकच, १९१८-डी मध्ये तारखेतल्या सातावर आठ पडलेलं नाणं. ते ॲसिडने सापडलं तरी लोक आनंदाने घेतात. आठच्या दोन्ही बाजूंना साताची आडवी दांडी डोकावते, आणि वेणीच्या गाठीच्या किंचित वरून जबड्याकडे उतरणारी डायची बारीक भेग असते.

करवीर_नाणी

सगळ्यांचे आभार. ॲसिटोन केलं आणि ३० पटीखाली पाहिलं. तीन पायांच्या नाण्यावर पोटाखाली पाच-सहा ठिपके आहेत आणि ते उंच आहेत. मागचा पाय बारीक, कुरतडलेला. पायाच्या जागी खरवडल्याची खूण दिसत नाही.

१९२६ च्या एसची रेघ ॲसिटोनने गेली नाही. एसच्या डाव्या वळणाखाली चर दिसतो, उजवीकडे जमीन गुळगुळीत आहे. कडेला काही नाही. १९२१-एस तिरप्या बल्बखाली फिरवलं तर सगळ्या बारीक रेघा एकाच दिशेने चमकतात.

गुजरी_काटा

१९२६-एस मला तरी चढवलेला वाटतो. शेवटची खात्री जागेवरून करा. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला नाणी कमी पडली, म्हणजे डायही मोजक्याच, म्हणजे एसच्या जागाही मोजक्याच. पीसीजीएस या अमेरिकेतल्या ग्रेडिंग कंपनीच्या संकेतस्थळावर प्रमाणित नाण्यांचे मोठे फोटो आहेत. ‘सेंट्स’च्या अक्षरांपासून एसचं अंतर आणि त्याचा कल तिथल्या फोटोंशी जुळवून पाहा. एकाशीही जुळला नाही तर विषय संपला. आणि चर असताना ‘कदाचित खरं असेल’ म्हणून कुणाला विकू नका.

१९२१-एस घासलेलं आहे. सगळ्या रेघा एका दिशेला म्हणजे कापडाने किंवा ब्रशने पॉलिश. फिरत्या तारेच्या ब्रशने केलं असेल तर अक्षरांच्या एका कडेला सरकलेल्या धातूची बारीक कड साचलेली दिसेल. चिंच, रांगोळी, भांड्याची पावडर, यातलं काहीही निकेलला लागलं की मूळ पृष्ठभाग परत येत नाही. पाऊण शिंग म्हणून ‘फाइन, पण स्वच्छ केलेलं’ एवढंच लिहा, आकडा लिहू नका. १५ लाख ५७ हजारांचं नाणं आहे, तरीही घेणारा सापडतो, फक्त भाव पडतो.

आता शिंगाचा हिशेब. तारीख आणि अक्षरं वाचता येतात पण शिंग नाही, ते गुड-४. शिंग जवळपास सपाट, बुडाकडचा अर्धा भाग तेवढा कळतो, ते व्हेरी गुड-८. पाऊण शिंग आणि शेपटी कळते, ते फाइन-१२. टोकापर्यंत पूर्ण शिंग, गालाचं हाड सपाट झालेलं, ते व्हेरी फाइन-२०. शिंग टोकदार आणि केसांच्या फितीवर नुसती हलकी झीज, ते एक्स्ट्रा फाइन-४०. शिंग पूर्ण नसेल तर व्हीएफ म्हणायचं नाही, हा माझा नियम.

राजारामपुरी_संग्रह

इथे माझा वाद आहे. हा नियम १९१३ ते १९१६ आणि १९३४ नंतरच्या नाण्यांना चालतो. १९२० च्या दशकातल्या डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यांना लावलात तर निम्मी नाणी अन्यायाने खाली येतील. डाय झिजेपर्यंत वापरायच्या आणि दाब कमी ठेवायचा, ही तेव्हाची रीत. वेणीच्या गाठीवरचे केस आणि मागच्या बाजूला जनावराचा खांदा समोरासमोर येतात. दोन्हीकडे खोल खड्डे भरायला धातू पुरत नाही, म्हणून खांदा, डोकं, शिंग इथे छाप मुळातच अर्धा राहतो. १९२६-डी तर यासाठी कुप्रसिद्ध आहे. न वापरलेलं नाणंही डोक्याशी सपाट निघतं.

मग झीज आणि कमजोर छाप वेगळे कसे करायचे? शिंगाकडे बघूच नका. गालाचं हाड आणि जनावराचा मागचा पुठ्ठा बघा. ही जागा वापरात आधी घासते. एकच पिवळा बल्ब, ट्यूबलाइट बंद, ५ ते ७ पटीचं भिंग, नाणं हळूहळू कलतं करा. चमकेचा पट्टा गालावरून न तुटता गेला तर झीज नाही. तिथे मंद राखाडी ठिपका पडला तर झीज सुरू झाली. छाप कमी पडलेल्या जागी कोऱ्या चकतीचा मूळ खडबडीतपणा आणि तिच्यावरचे बारीक टोचे तसेच राहिलेले दिसतात. झिजलेली जागा मात्र गुळगुळीत आणि मेलेली असते. ग्रेडिंग कंपन्याही अशा नाण्यांना एकूण झिजेवरच आकडा देतात.

नजर बसवायची तर एक १९३८-डी चांगल्या अवस्थेतलं विकत घ्या. या मालिकेचं ते शेवटचं साल, तेव्हा फक्त डेन्व्हरला पाडली आणि लोकांनी नवीकोरी साठवली. छाप उत्तम, किंमत माफक. ते शेजारी ठेवून बाकीची बघा.

गुजरी_काटा

१९२० च्या दशकापुरतं मान्य. पण विकणारा प्रत्येक झिजलेल्या नाण्याला ‘वीक स्ट्राइक’ म्हणजे कमजोर छाप म्हणतो, म्हणून नवख्याने माझाच नियम धरावा.

पंचगंगा_टपाल

पाठवण्याबद्दल कुणीच बोललं नाही. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ नुसार किमान शंभर वर्षं जुनं नाणं पुरावशेष धरलं जातं, आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. नाणं परदेशी आहे ही पळवाट व्याख्येत नाही. १९१३ चे दोन्ही, १९२१-एस, सगळी या चौकटीत बसतात, आणि दर वर्षी मालिकेतलं एकेक साल आत सरकतं. ‘फक्त ग्रेडिंग करून परत येणार’ हे कस्टम्सला पटवत बसू नका.

तुमचं १९३७-डी अजून शंभरीच्या आत आहे, ते पाठवता येईल. तरी जुनं दिसणारं नाणं अडवलं जातं, त्यामुळे पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्या. उलट बाजूने, मोठ्या किमतीचं जुनं नाणं तिकडून ग्रेडिंग कंपनीच्या डबीत बंद केलेलं मागवायचं असेल तर पैसे देण्यापूर्वी प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथल्या फोटोशी नाणं ओरखड्यासकट जुळवा. डब्याही नकली निघतात. एकदा इकडे आलेलं शंभरीपारचं नाणं विकायला परत तिकडे जाणार नाही, हेही हिशेबात धरा.

रंकाळा_कट्टा

मधेच विचारतो. बफेलोच्या आधीचं, मागे रोमन पाच असलेलं १९१२ चं लिबर्टी निकेल आहे. एस कुठे शोधायचा? आणि १९१३ चं कुणी देत असेल तर?

राजारामपुरी_संग्रह

मागच्या बाजूला, ‘सेंट्स’च्या डावीकडच्या ठिपक्याजवळ. मिंट मार्क असलेली ही पहिलीच पाच सेंटची निकेलं. एस फक्त २ लाख ३८ हजार, डी ८४ लाख ७४ हजार. एस असला तर वरचीच सांध्याची तपासणी लागू. यात शिंगाच्या जागी मुकुटावरचा ‘लिबर्टी’ शब्द मोजतात. किमान तीन अक्षरं वाचता आली तर व्हेरी गुड, सगळी वाचता आली तर फाइन.

१९१३ च्या लिबर्टीची जगात पाचच नाणी माहीत आहेत, त्यातलं एक स्मिथसोनियनमध्ये आहे. देणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

शिरोली_टूलरूम

ठेवणीचं राहिलं. आपल्याकडं चार महिने हवा ओली, निकेलवर हिरवा-राखाडी थर धरतोय. मऊ प्लॅस्टिकची पाकिटं नकोत, त्यातलं पीव्हीसी सुटून चिकट हिरवं होतंय. पाकिटाची खात्री नसंल तर तांब्याची तार लाल करून त्याला टेकव आणि परत ज्योतीत धर. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. मोकळ्या हवेत कर, धूर वाईट असतोय. दोन इंची पुठ्ठ्याचे मायलर (पीव्हीसी नसलेलं पारदर्शक प्लॅस्टिक) खिडकीवाले होल्डर घे, निकेलच्या मापाची खिडकी. स्टेपलरच्या पिना मारल्यावर दोन्हीकडनं पकडीनं सपाट दाब, न्हाईतर शेजारच्या नाण्याला ओरखडा. डब्यात सिलिका जेलची पुडी टाक, आणि रंग बदलला की तापवून सुकीव.